टू-डू लिस्ट, ॲप, टायमर : यांनी कामं खरंच होतात का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही एका संस्थेत प्रशिक्षणाचं काम बघता. तीन वर्षांत दोन ॲप, एक जाडजूड प्लॅनर आणि पंचवीस मिनिटांचा टायमर, सगळं करून झालं. दर रविवारी यादी नव्यानं लिहिता. आज तिच्यात ६३ कामं आहेत आणि आठवडा संपताना त्यातली पन्नासएक तशीच उरतात. एक प्रशिक्षण पुस्तिका तर चार महिने पुढे ढकलली जातेय. शेवटी तुम्ही विचारलंय, की या पद्धतींनी कोणाची कामं खरंच होतात, की आपण व्यवस्थित आहोत एवढंच समाधान मिळतं? आणि होत असतील तर कोणती पद्धत घ्यावी?

मी २२ वर्षं तांत्रिक पुस्तिकांचं भाषांतर आणि संपादन करते. त्यातली शेवटची ११ वर्षं आठ जणांच्या गटाचं वेळापत्रकही माझ्याकडे आहे, त्यामुळे रोज माझ्या यादीबरोबर आणखी आठ याद्या डोळ्यांखालून जातात. त्यावरून सांगते : उपयोग होतो, पण आपण ज्यासाठी पद्धत घेतो त्यासाठी बहुतेक वेळा होत नाही. आपल्याला वाटतं ती काम करून घेईल. ती फार तर आठवण ठेवते आणि हातात किती ओझं आहे ते दाखवते. ते दिसल्यावर आपण काय करतो, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

म्हणून ‘कोणती पद्धत’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवू. तुमचं काम नेमकं कुठे अडतं, हे आधी कळायला हवं. काम विसरलं म्हणून राहतं, काय करायचं ते धड ठरलेलं नाही म्हणून राहतं, हातात मावत नाही म्हणून राहतं, किंवा नकोसं आहे म्हणून राहतं. बाहेरून चारही सारखीच दिसतात, यादीत एक न खोडलेली ओळ. पण चौघांवर उपाय निरनिराळे आहेत, आणि बाजारातल्या बहुतेक पद्धती मुख्यतः पहिल्यासाठी बनलेल्या आहेत.

तुमच्या समाधानाच्या शंकेला मात्र आधी उत्तर देते, कारण ती रास्त आहे. २०२१ मध्ये संशोधक ब्रॅड एऑन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी वेळेच्या नियोजनावरचे १५८ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत सुमारे ५४ हजार माणसं होती. नियोजन करणाऱ्यांची नोकरीतली आणि अभ्यासातली कामगिरी काहीशी बरी दिसली, पण त्याहून ठळक संबंध दिसला तो आयुष्याबद्दलच्या समाधानाशी. त्याच्या खूप आधी, १९९४ मध्ये, थेरेस मॅकन यांना आढळलं होतं की वेळ आपल्या ताब्यात आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यावर ताण कमी असतो आणि ते नोकरीत अधिक समाधानी असतात. कामगिरी त्यामुळे वाढल्याचं मात्र दिसलं नव्हतं.

या समाधानाला मी ‘नुसतं’ म्हणणार नाही. रात्री डोकं शांत राहणं ही मोठी गोष्ट आहे. पण त्यात एक फसगत आहे. २०११ मध्ये मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांनी प्रयोग करून दाखवलं, की अपुरं काम दुसरं काही करताना मनात डोकावत राहतं, आणि ते कसं करायचं याचा पक्का बेत आखला की डोकावणं थांबतं. लक्षात घ्या, काम झालेलं नव्हतं, फक्त बेत झाला होता. रविवारी यादी लिहून झाल्यावर तुम्हाला हलकं वाटतं ते यामुळेच. मनाच्या हिशेबी विषय मिटलेला असतो, आणि सोमवारी त्या कामाची टोचणी उरलेली नसते. म्हणून बेत आखून झाला की त्याला लगेच कॅलेंडरमधली जागा द्यावी. नाहीतर दर रविवारी तेवढाच दिलासा मिळत राहतो.

आता अडण्याच्या जागांकडे येते.

विसरण्याबद्दल थोडक्यात, कारण इथे वाद नाही. काम विसरल्यामुळे बिघडत असेल तर लिहिलेली यादी डोक्यातल्या यादीला हमखास हरवते. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी बोइंगचं ‘मॉडेल २९९’ हे विमान चाचणीच्या उड्डाणात कोसळलं. यंत्रात बिघाड नव्हता आणि वैमानिक नवखे नव्हते. विमान जमिनीवर उभं असताना त्याचे हलते भाग जखडून ठेवणारं एक कुलूप उड्डाणापूर्वी काढायचं राहिलं होतं. त्यानंतर वैमानिकांच्या हातात तपासणी-यादी आली ती कायमची. आमच्याकडेही पुस्तिका छपाईला जाण्याआधी ३१ मुद्दे तपासले जातात. एका पुस्तिकेतून सुरक्षेच्या सूचनांचं पान गळालं होतं, तेव्हापासून ही यादी आहे, आणि तेव्हापासून ते पान एकदाही गळालेलं नाही. पुन्हापुन्हा येणारं काम आणि तारखेला बांधलेलं काम यांसाठी कॅलेंडर आणि अशी यादी पुरते. फोनमधलं साधं कॅलेंडरही चालतं.

दुसरी जागा धूसर नोंदींची. तुमच्या यादीत ‘प्रशिक्षण पुस्तिका’ असं लिहिलेलं आहे. हे काम नाही, हा प्रकल्प आहे. ही ओळ वाचून अनोळखी माणसाला पहिला हात कशाला लावायचा ते कळेल का? कळणार नसेल, तर थकलेल्या संध्याकाळी तुम्हालाही कळणार नाही, आणि नजर खालच्या सोप्या ओळीवर सरकेल. माझ्या एका सहकाऱ्याच्या यादीत ‘परिभाषा सूची’ ही नोंद तीन आठवडे पडून होती. खोदून विचारल्यावर कळलं, की दोन संज्ञा कशा घ्यायच्या हे ग्राहकाकडून ठरून यायचं होतं आणि ते विचारलंच गेलं नव्हतं. नोंद बदलून ‘दोन संज्ञांबद्दल ग्राहकाला ईमेल’ अशी केली आणि पंधरा मिनिटांत ईमेल गेला. नोंदीत क्रियापद असावं, आणि जमलं तर केव्हा व कुठे तेही असावं. ‘दुपारच्या बैठकीतून परत आल्यावर जागेवर बसताच ईमेल लिहायचा’ असं. जेव्हा अमुक होईल तेव्हा मी तमुक करीन, अशा बेतांवर पीटर गोल्विट्झर यांनी बरीच वर्षं काम केलं. २००६ मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी ९४ चाचण्यांचे निकाल एकत्र केले, तेव्हा अशा बेतांचा परिणाम चांगलाच भक्कम निघाला. इतका छोटा बदल आणि इतका फरक, असं मला फार थोड्या गोष्टींत दिसलं आहे.

तिसरी जागा, हातात मावत नाही ही. तुमचं खरं दुखणं बहुधा इथेच आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

तुमचेच आकडे घेऊ. यादीत ६३ कामं, आठवड्याला साधारण १३ हातावेगळी होतात, आणि जवळपास तेवढीच नवी येतात, म्हणून यादीची लांबी आहे तशीच राहते. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये एक साधं सूत्र गणितानं सिद्ध केलं : हातातली कामं भागिले पूर्ण होण्याचा वेग म्हणजे एका कामाला लागणारा सरासरी काळ. त्रेसष्टला तेरानं भागलं की येतात जवळजवळ पाच आठवडे. म्हणजे तुमच्या यादीत आज शिरलेलं काम सरासरी पाच आठवड्यांनी बाहेर पडणार, तुम्ही कितीही मन लावून बसलात तरी. त्यातही लहान कामं दोन दिवसांत सुटतात, म्हणजे मोठी तीन-चार महिने रेंगाळणारच. पुस्तिकेचे चार महिने तुमच्या आळशीपणातून आलेले नाहीत, या भागाकारातून आलेले आहेत. हे मी धीर देण्यासाठी म्हणत नाही, आकडेच तसं सांगतात.

ॲप बदलल्यानं या भागाकारातला एकही आकडा बदलत नाही. वेग वाढवता येतो, पण थोडाच. हातातली कामं कमी करणं हा दुसरा मार्ग, आणि लोक त्याच्याकडे सगळ्यात शेवटी वळतात. आम्हीही तेच केलं. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका वेळी १९ पुस्तिका उघड्या होत्या आणि एक पुस्तिका पूर्ण व्हायला दहा आठवडे लागत. सगळे मान मोडून काम करत होते. एक ना धड, भाराभर चिंध्या अशी गत होती. मग ठरवलं, की १३ च्या वर पुस्तिका उघड्या ठेवायच्या नाहीत. एक पूर्ण झाली की मगच पुढची उघडायची. माणसं तीच, आठवड्याला पूर्ण होणारं कामही जवळपास तेवढंच, पण प्रत्येक पुस्तिका सात आठवड्यांत बाहेर पडायला लागली. ग्राहकांना ‘काम सुरू केलं आहे’ असं सांगण्याऐवजी ‘अमुक तारखेला सुरू होईल आणि मग थांबणार नाही’ असं सांगावं लागलं. पहिले दोन महिने ते सांगताना मला फार जड गेलं. एकही ग्राहक सोडून गेला नाही.

आणखी एक फायदा मला नंतर लक्षात आला. एका कामावरून दुसऱ्यावर उडी मारली की लक्षाचा थोडा भाग मागेच अडकून राहतो. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये हे प्रयोगांतून दाखवलं, आणि पहिलं काम अर्धवट सुटलेलं असेल तर ते जास्त जाणवतं. पाच कामं उघडी असली की दिवसातून कितीदा तरी हा भाग मागे राहतो. संपादनात मला तो स्पष्ट दिसतो. ज्या दिवशी मी तीन पुस्तिका हाताळते, त्या दिवशीच्या माझ्या चुका दुसऱ्या दिवशी मलाच सापडतात.

आता किती कामं हातात ठेवायची? त्यासाठी अंदाज लागतो, आणि अंदाजाच्या बाबतीत आपण सगळेच फार आशावादी असतो. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रॉजर ब्युलर आणि सहकाऱ्यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवस लागतील? सरासरी अंदाज होता सुमारे ३४ दिवसांचा. सगळंच बिनसलं तर किती, यालाही उत्तर होतं सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ हून जास्त. सगळं बिघडेल असं धरून केलेला अंदाजही अपुरा पडला. म्हणून मी अंदाज करणं सोडून मागची नोंद बघते. अशा मागच्या तीन कामांना किती तास लागले, तेवढे या कामाला लागणार. शिवाय बैठका, फोन, ईमेल वगळून माझ्या दिवसात एकाग्र कामाचे साडेतीन तास उरतात. हे मी तीन आठवडे मोजून काढलं आहे, आणि तुमचा आकडाही मोजल्याशिवाय कळणार नाही. यादीतल्या कामांचे तास आणि आठवड्यातले उरलेले तास शेजारीशेजारी मांडले, की काय होणार नाही ते लख्ख दिसतं.

मला विचाराल तर पद्धतीचा सगळ्यात मोठा उपयोग हाच. माझी यादी बघून मी दर शुक्रवारी काहीतरी कमी करते : एखादं काम नाकारते, एखादं दुसऱ्याकडे देते, एखाद्याची तारीख समोरच्याशी बोलून पुढे नेते. तुम्ही रविवारी उरलेली पन्नास कामं नव्या पानावर उतरवून काढता. माझ्या मते तुमच्यात आणि पद्धतीचा उपयोग होणाऱ्या माणसात तेवढाच फरक आहे. ज्या यादीतून काही गळत नाही, ती भरत जाते आणि एक दिवस तिच्याकडे बघवत नाही.

चौथी जागा टाळण्याची. कळतं पण वळत नाही, अशी कामं सगळ्यांकडे असतात. काम फक्त कंटाळवाणं असेल तर टायमर चांगला. फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस, स्वतः विद्यार्थी असताना, अभ्यासात लक्ष लागत नव्हतं म्हणून ही युक्ती काढली. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती. तिची ताकद सुरुवात करून देण्यात आहे. ‘संपवायचंय’ म्हटलं की दडपण येतं, ‘पंचवीस मिनिटं बसायचंय’ म्हटलं की येत नाही. पण एकदा लय लागली की पंचविसाव्या मिनिटाला घंटेनं ती मोडू देऊ नका. लिहिण्याच्या कामात तर मुळीच नाही.

टाळण्यामागे भीती असेल तर मात्र टायमर पुरत नाही. आमच्या गटातल्या एकीच्या यादीत ‘दुरुस्ती कळवणे’ ही ओळ अकरा आठवडे होती. छापून गेलेल्या पुस्तिकेत तिला स्वतःचीच चूक सापडली होती आणि ग्राहकाला सांगायचं धाडस होत नव्हतं. रोज सकाळी रिमाइंडर वाजायचा, रोज ती तो बंद करायची. रोज मरे त्याला कोण रडे, तसं मुदत उलटल्याच्या त्या लाल अक्षरांचं होतं. त्यांची नजरेला सवय होते. शेवटी आम्ही दोघी शेजारी बसलो आणि फोन केला. सात मिनिटं लागली. एखादी ओळ महिनाभर हलत नसेल तर स्वतःला विचारा, हे केलं तर वाईट काय होईल असं मला वाटतंय? उत्तर आलं की कोणाशी बोलायचं तेही कळतं.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे, तेही सांगायला हवं. ज्यांचं काम आपोआप समोर येतं, रुग्णसेवा, मदतवाहिनी, काउंटर, त्यांना वैयक्तिक यादीचा उपयोग कमीच होतो. पाळी बदलताना पुढच्याला काय सांगायचं याची शिस्त तिथे जास्त मोलाची. माझ्या ओळखीची सगळ्यात तडफदार प्रूफरीडर कुठलीच यादी ठेवत नाही, कारण तिच्याकडे एका वेळी एकच काम येतं. ज्यांचा दिवस वरिष्ठांच्या फोनवर चालतो, त्यांची पद्धत अर्धी वरिष्ठांच्या हातात असते. त्यांनी यादी घेऊन वरिष्ठांसमोर बसावं आणि ‘यातलं आधी कोणतं, आणि कोणतं सोडू?’ असं विचारावं. लक्ष टिकवणं ज्यांना मुळातच अवघड जातं, विशेषतः ज्यांना तसं निदान झालं आहे, त्यांना डोळ्यांसमोरच्या खुणा आणि शेजारी बसणारं माणूस यांची जास्त गरज असते. गुंतागुंतीची पद्धत त्यांच्याकडे लवकर मोडते, आणि तो त्यांचा दोष नाही. आणि आठवडेच्या आठवडे झोप नीट नसेल, कशातच मन लागत नसेल, तर यादी बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं.

पद्धतीचा खर्चही मोजा. मी दोन वर्षं रंग, खुणा, प्राधान्याच्या पाच पायऱ्या असं सगळं सांभाळत होते. एकदा मोजलं तर रोजची चाळीस मिनिटं त्यात जात होती, आणि त्याच काळात एका पुस्तिकेची पुरवणी माझ्या हातून वेळेत गेली नाही. पाच पायऱ्यांमधली तिची पायरी अगदी अचूक होती, पण तिच्यासाठी वेळ राखून ठेवलेला नव्हता. आता माझ्याकडे कॅलेंडर, एक वही आणि तपासणी-याद्यांची फाइल आहे. रोज दहा मिनिटं, शुक्रवारी अर्धा तास. यापेक्षा जास्त वेळ मागणारी पद्धत मी ठेवत नाही.

मग तुम्ही काय करावं? पुढचा एक आठवडा काहीही बदलू नका, नवं ॲप घेऊ नका. रोज संध्याकाळी न झालेल्या प्रत्येक कामापुढे एक अक्षर लिहा. विसरलं तर ‘वि’, काय करायचं ते स्पष्ट नव्हतं तर ‘अ’, वेळच नव्हता तर ‘वे’, टाळलं तर ‘टा’. दुसऱ्या कोणाच्या उत्तरासाठी अडलं असेल तर ‘थां’. ही नोंद करताना स्वतःला रागवू नका, नाहीतर सगळीकडे ‘वे’ लिहिलं जातं. शनिवारी मोजा. ‘वि’ जास्त असतील तर सध्याचं ॲप पुरेसं आहे, फक्त रिमाइंडर लावा. ‘अ’ जास्त असतील तर नोंदी क्रियापदासह पुन्हा लिहा. ‘थां’ जास्त असतील तर रोज सकाळी पहिली पंधरा मिनिटं विचारपूस आणि पाठपुराव्याला द्या. ‘टा’ असतील तर आधी टायमर, नाही जमलं तर माणूस. आणि ‘वे’ जास्त असतील, माझा अंदाज तोच आहे, तर ६३ मधली पंधरा समोर ठेवा, बाकीची वेगळ्या पानावर हलवा, आणि त्यातल्या ज्यांची कोणी वाट बघत असेल त्यांना खरी तारीख कळवा.

पुस्तिकेसाठी शनिवारपर्यंत थांबायची गरज नाही. उद्या वरिष्ठांना विचारा, ती अजून हवी आहे का. चार महिन्यांत कोणी मागितली नसेल, तर कदाचित नको असेल. हवी असेल तर यादीतून ‘प्रशिक्षण पुस्तिका’ खोडा आणि त्या जागी लिहा : ‘मंगळवारी सकाळी, ईमेल उघडण्याआधी, मागच्या प्रशिक्षणाची टिपणं काढून प्रकरणांची नावं लिहायची, ४० मिनिटं.’ आणि तेवढ्या वेळात बैठक लागू नये म्हणून कॅलेंडरवर ती जागा आजच अडवून ठेवा.